सासऱ्यांच्या आजोबांचा जन्मदाखला

प्रश्न

(पत्र लिहिणारीची ओळख पटेल असे तपशील काढून मजकूर थोडक्यात देत आहे.)

ताई, मी मूळची साताऱ्याची. लग्न करून लीड्सला आले आणि आता इथलीच झाले. नवऱ्याचं घराणं नॉर्थ यॉर्कशायरमधल्या शेतकऱ्यांचं. हेल्म्सली गावाच्या उत्तरेला मूर्समध्ये, म्हणजे उंच माळरानात, जी खोरी आहेत, त्यांतल्या एकात त्यांचं शेत आहे. मेंढ्या आणि थोडी गुरं आहेत. शेत आता चुलतदिरांच्या नावावर आहे, तेच बघतात. सासरे ८२ वर्षांचे, तब्येत नरमगरम असते. ‘आठव्या हेन्रीपासून ही जमीन आमची’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. येत्या वाढदिवसाला सगळे जमणार आहेत, तेव्हा घराण्याचा वंशवृक्ष फ्रेम करून त्यांना द्यायचा असं मी गुपचूप ठरवलं. इंटरनेटवर कोणीतरी केलेला १५६० पर्यंतचा वृक्ष आयताच मिळाला. खात्रीसाठी एकेक कागद मागवत गेले आणि घोळ सुरू झाला.

१८४० च्या दशकातल्या टाइद नकाशाच्या, म्हणजे चर्चला द्यायच्या हिश्शासाठी केलेल्या जमिनीच्या नकाशाच्या, यादीत आमचं आडनाव आहे. सासरे ज्या तुकड्याला अजून ‘काफ गार्थ’ (वासरांचं आवार) म्हणतात, त्याचंही नाव आहे. पण आमचे लोक तिथे कूळ म्हणून आहेत, मालक कोणी लॉर्ड. दुसरं म्हणजे सासऱ्यांच्या आजोबांचा ऑगस्ट १८८४ चा जन्मदाखला. त्यात वडिलांचा रकाना रिकामा आहे. आई वीस वर्षांची, अविवाहित. तिचंच आडनाव मुलाला लागलं आणि तेच आज आम्ही लावतो. १८९१ च्या जनगणनेत हा सहा वर्षांचा मुलगा त्याच शेतावर ‘नातू’ म्हणून आजी-आजोबांकडे आहे, आई कुठेच नाही. १९११ मध्ये तोच शेताचा कर्ता आहे, लग्न झालेलं आहे.

नवरा म्हणतो, सोडून दे, म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवायचं? मला वाटतं, खोटा तक्ता भिंतीवर लावणं ही फसवणूक आहे. पण मी पडले बाहेरची. दुसऱ्यांच्या घरातलं लाजिरवाणं उकरून काढायचा मला हक्क आहे का? सांगू की गप्प बसू?

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

सांगू की गप्प बसू, या दोनच वाटा तुम्हाला दिसताहेत, कारण हे सगळं काम तुम्ही सासऱ्यांच्या पाठीमागे केलं आहे. प्रेमाने केलंय, भेट द्यायची म्हणून केलंय, पण पाठीमागे केलंय. त्यांना जाऊन विचारणं ही तिसरी वाट अजून मोकळी आहे. तिच्याबद्दल पुढे सविस्तर बोलते. आधी कागदांविषयी बोलू, कारण त्यांतून तुम्ही जे अर्थ काढलेत, ते सगळे मला पटत नाहीत.

१५६० च्या वृक्षाचा निकाल चटकन लावता येतो. तो सोडून द्या. इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या पॅरिशच्या (एकेका चर्चच्या हद्दीतल्या) नोंदवह्या १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या हुकमाने सुरू झाल्या, त्यामुळे १५६० ची नोंद असणं अशक्य नाही. अडचण आहे ती तिथून १८४० पर्यंत यायची. सतराव्या शतकात राजा आणि पार्लमेंट यांच्या यादवीत कितीतरी पॅरिशच्या वह्या वर्षानुवर्षं अर्धवट राहिल्या. खोऱ्यात आडनावं मोजकी, आणि विल्यम, जॉन, थॉमस हीच नावं फिरून फिरून. एकाच पॅरिशमध्ये दहा वर्षांत त्याच आडनावाचे तीन विल्यम असले तर आपला कोणता? आयत्या वृक्षांत एक चूक हमखास असते: ज्या बाळाचा बाप्तिस्मा पूर्वज म्हणून लावलेला असतो, ते बाळ वर्ष-दोन वर्षांनी त्याच वहीत दफनाच्या पानावर निघतं. म्हणून इतर वाचकांनाही सांगते, कोणताही बाप्तिस्मा ‘आपला’ म्हणण्याआधी दफनाची पानं चाळा.

तुमची खरी मिळकत १८४० च्या अलीकडची आहे आणि ती भक्कम आहे. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. १८४१ पासूनच्या जनगणनांत नावं मिळतात, १८५१ पासून जन्मगावही. यांच्या आधारे तुम्ही एकेक पिढी जोडलीत. मागे जायचंच असेल तर यॉर्कशायरमध्ये एक सोय आहे, ती आधी तपासा. विल्यम डेड नावाच्या यॉर्कच्या एका धर्मगुरूने १७७० च्या दशकात नोंदीची फार सविस्तर पद्धत बसवली. १७७७ मध्ये आर्चबिशप मार्कम यांनी ती आपल्या हद्दीत सगळीकडे सुरू करायला सांगितली. जिथे ती नीट पाळली गेली, तिथे एका बाळाच्या नोंदीत बापाचा धंदा, त्याचे आई-वडील, आईचं माहेरचं नाव आणि तिचेही आई-वडील सापडतात. सगळ्या धर्मगुरूंनी एवढा व्याप केला नाही, आणि १८१३ पासून छापील ठरावीक नमुना आल्यावर आजी-आजोबा नोंदीतून गेले. पण तुमच्या पॅरिशचा धर्मगुरू कष्टाळू निघाला, तर दोनच नोंदींत तुम्ही अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पोचाल. यॉर्क डायोसीसचे, म्हणजे आर्चबिशपच्या हद्दीतले, पॅरिशचे बरेच कागद आणि १८५८ पूर्वीची मृत्युपत्रं यॉर्क विद्यापीठातल्या बॉर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. शेतकऱ्याच्या मृत्युपत्राबरोबर कधी कधी त्याच्या मालमत्तेची यादी जोडलेली असते, त्यात गाई, मेंढ्या, नांगर, घरातली भांडी असं सगळं येतं. तारखांच्या तक्त्यापेक्षा अशी एक यादी मला जास्त मोलाची वाटते.

आता जमीन. लॉर्डचं नाव बघून सासऱ्यांचं बोलणं खोटं ठरलं, असं तुम्ही धरून चाललात. आपल्याकडे कूळ म्हटलं की सातबाराच्या इतर हक्कांतली एक ओळ आणि कोर्टाचे हेलपाटे डोळ्यांपुढे येतात. तिथला व्यवहार वेगळा होता. पहिल्या महायुद्धाआधी इंग्लंड-वेल्समधल्या शेतजमिनीचे दहापैकी जवळपास नऊ हिस्से खंडानेच कसले जात होते. नोकर-चाकर बाळगणारे, गावात वजन असणारे शेतकरीसुद्धा बहुतेक कूळच असत. जनगणनेत ‘८० एकरांचा शेतकरी’ असं लिहिलेलं असतं, त्यावरून तो किती जमीन कसतो एवढंच कळतं, मालकी कळत नाही. बापामागून मुलगा, कधी विधवा, कधी जावई, असं एकेक शेत इस्टेटीच्या, म्हणजे मालक जमीनदाराच्या, संमतीने पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात राहायचं.

त्या टाइद यादीतली काफ गार्थची ओळ पुन्हा काढून बघा. १८३६ च्या कायद्यानंतर, चर्चला पिकाचा दहावा हिस्सा देण्याऐवजी रोख रक्कम ठरवण्यासाठी हे नकाशे झाले. यादीत मालक, कसणारा, तुकड्याचा नंबर, तुकड्याचं नाव, कुरण की नांगरट आणि क्षेत्र असे रकाने आहेत. क्षेत्र एकर, रूड आणि पर्चमध्ये: चाळीस पर्चचा एक रूड, चार रूडचा एक एकर. मोजणीदाराला त्या चिमुकल्या तुकड्याचं नाव सांगितलं कोणी? वासरं कुठे कोंडतात हे लॉर्डला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. ते बांधावर उभं राहून सांगितलं असणार कसणाऱ्याने, म्हणजे तुमच्या सासऱ्यांच्या पणजीच्या आजोबांनी. तोच शब्द आज सासऱ्यांच्या तोंडी आहे. आठव्या हेन्रीचा पुरावा नसेल, पण पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळाचा हा पुरावा तुम्हीच शोधून काढलात, आणि तो ऐकून सासऱ्यांना कमीपणा वाटेल असं मला वाटत नाही.

जमीन मालकीची कधी झाली हेही शोधता येईल. पहिल्या महायुद्धानंतर, विशेषतः १९१९ ते १९२१ मध्ये, इस्टेटींनी मोठ्या प्रमाणावर जमिनी विकायला काढल्या आणि कितीतरी कुळांनी कर्ज काढून आपापली शेतं घेतली. लगेचच धान्याचे भाव कोसळले आणि त्या कर्जाखाली अनेकजण पिचले. तुमच्याकडेही खरेदी त्याच सुमाराची असेल, तर ती सासऱ्यांच्या आजोबांनीच केलेली असणार, म्हणजे रिकाम्या रकान्याचा तोच मुलगा, पस्तीस-छत्तीस वर्षांचा झालेला. यॉर्कशायरच्या तिन्ही जुन्या विभागांत, म्हणजे रायडिंगांत, खरेदीखतांच्या खास नोंदणी कचेऱ्या होत्या: वेस्ट रायडिंगची वेकफील्डला १७०४ पासून, ईस्ट रायडिंगची बेव्हर्लीला १७०८ पासून, नॉर्थ रायडिंगची नॉर्थॲलर्टनला १७३६ पासून, आणि त्या विसाव्या शतकात बऱ्याच पुढेपर्यंत चालल्या. इंग्लंडच्या इतर बहुतेक भागांत ही सोय नव्हती. हेल्म्सलीच्या आसपासची पुष्कळ जमीन डंकम पार्क इस्टेटीची होती. लंडनचे सराफ सर चार्ल्स डंकम यांनी ती सतराव्या शतकाच्या अखेरीस घेतली आणि १८२६ मध्ये घराण्याला लॉर्ड फेव्हरशॅम ही पदवी मिळाली. तुमच्या यादीतला लॉर्ड तोच असेल, तर इस्टेटीचे कागदही नॉर्थॲलर्टनच्या काउंटी दफ्तरखान्यातच बघायला मिळतील. म्हणजे एकाच फेरीत दोन्ही कामं होतील.

आणि आता तो रिकामा रकाना, ज्याने तुमची झोप उडवली आहे.

त्याचा कायद्यातला अर्थ आधी समजून घ्या. १८७५ पासून इंग्लंडमध्ये असा नियम होता, की आई-बापाचं लग्न झालेलं नसेल तर बापाने स्वतः आईबरोबर रजिस्ट्रारपुढे येऊन सही केल्याखेरीज त्याचं नाव दाखल्यावर चढत नसे. आईने नाव सांगितलं तरी रजिस्ट्रारला ते लिहिता येत नव्हतं. म्हणजे तिला बाप कोण ते माहीत नव्हतं, किंवा तिने लपवलं, असं काहीही हा रकाना सांगत नाही. तो माणूस सहीला आला नाही, एवढंच सांगतो.

त्याच दाखल्यावर आणखी रकाने आहेत, ते भरलेले आहेत आणि तुमच्या पत्रात त्यांच्याबद्दल अवाक्षर नाही. जन्म कुठे झाला, शेतावर की वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांच्या सरकारी आसऱ्यात? नोंद करायला कोण गेलं, ती स्वतः की तिची आई? तिने सही केली की फुली मारली? या मुलीबद्दल तुम्ही पत्रात लिहिलंत ते इतकंच, की ती वीस वर्षांची होती, अविवाहित होती आणि १८९१ मध्ये कुठेच नाही. आता असं बघा: आडनाव तिचं. ज्या माणसाकडे शेत होतं, तो तिचा बाप. काफ गार्थचं नाव सांगणाऱ्यापासून आजच्या तुमच्या चुलतदिरांपर्यंत जी रेघ येते, ती तिच्यातून येते. सासऱ्यांचं ‘ही जमीन आमची’ हे म्हणणं जेवढं खरं आहे, तेवढं या पणजीमुळे खरं आहे. आणि तुम्ही मात्र शोधताय त्याला, जो आलाच नाही. आधी तिला शोधा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

कुठे शोधायची? १८८१ च्या जनगणनेपासून सुरुवात करा. तेव्हा ती सतरा वर्षांची असेल. छोट्या शेतकऱ्यांच्या मुलीही त्या वयात दुसऱ्याच्या शेतावर राहून कामाला जात. यॉर्कशायरमध्ये हे करार मार्टिनमसपासून मार्टिनमसपर्यंत, म्हणजे नोव्हेंबर ते नोव्हेंबर, वर्षाच्या बोलीने होत. माल्टनसारख्या बाजारगावात गडी आणि मुली चौकात उभे राहत, शेतकरी बोलणी करत आणि ठरलं की हातावर एक नाणं ठेवत. पगार वर्षाचा, तो वर्ष भरल्यावर मिळायचा आणि त्याच आठवड्यात सुट्टी. तुमचं बाळ ऑगस्टचं आहे. नऊ महिने मागे मोजले की बरोबर तो आठवडा येतो आणि कोणालाही गोष्ट रचायचा मोह होईल. रचू नका. मालकाचा मुलगा, बरोबरचा गडी, लग्न ठरलेलं असताना वारलेला एखादा तरुण, किंवा जबरदस्ती करणारा कोणी, कागद हाती येईपर्यंत यातलं काहीही असू शकतं. आपल्याला आवडेल ती गोष्ट तिच्यावर लादणं अन्यायाचं होईल.

१८८४ नंतरच्या लग्नांत तिचं नाव शोधा. फ्री-बीएमडी या संकेतस्थळावर लग्नांची सूची फुकट बघता येते. लग्न झालं असेल तर १८९१ मध्ये ती नवऱ्याच्या आडनावाने असेल, म्हणूनच ती तुम्हाला ‘कुठेच’ सापडली नाही. मिडल्सबरोच्या लोखंडाच्या कारखान्यांमुळे वाढलेल्या वस्तीत, किंवा तुम्ही राहता त्या लीड्समध्ये घरकामाला, किंवा दोन खोरी पलीकडे, कुठेही असू शकेल. लग्नाची नोंद मिळाली नाही तर मृत्यूच्या सूचीत बघा. नाव सापडलं की सरकारी जन्मसूचीत आईच्या माहेरच्या आडनावावरून पुढच्या मुलांचाही शोध घेता येतो. सासऱ्यांच्या आजोबांना सावत्र भावंडं होती का, हे तिथे कळेल.

बापाचाही माग लागू शकतो, मी ती वाट बंद करत नाही. तुमच्याकडे आजोबांचा १९११ आधीचा लग्नाचा दाखला असायला हवा. त्यात वराच्या वडिलांचा रकाना असतो. तिथे काहींनी खऱ्या बापाचं नाव घातलं, काहींनी वाढवणाऱ्या आजोबांचं, काहींनी रेघ ओढली. तो पाहिलात का? मुलाला मधलं नाव म्हणून एखादं आडनाव दिलेलं आहे का? अविवाहित आया कधी कधी बापाचं आडनाव असं मुलाच्या नावात ठेवून देत. बाप्तिस्म्याची नोंद बघा. १८७२ च्या कायद्याने आईला मॅजिस्ट्रेटपुढे जाऊन बापाकडून पोटगी मागता येत होती, आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग. असे दावे स्थानिक वर्तमानपत्रांत छापून येत.

डीएनए चाचणी मात्र सध्या नको. एक तर सासऱ्यांची लाळ ही त्यांची आहे आणि ‘गंमत म्हणून’ असं सांगून ती नळीत घेणं साफ चुकीचं. दुसरं, तिचा निकाल १८८४ पाशी थांबत नाही. हयात माणसांची नाती त्यात उघडी पडतात, पलीकडच्या कुटुंबातल्या अनोळखी माणसालाही अचानक धक्का बसू शकतो. सासऱ्यांनी आपणहून म्हटलं आणि काय काय निघू शकतं हे त्यांना नीट कळलं, तरच तो विचार करा.

आता सासऱ्यांकडे येते. त्यांना हे माहीत नाही, असं तुम्ही कशावरून धरलंत? ते १९४० च्या दशकात जन्मलेले. आजोबा सत्तरीपर्यंत जगले असतील, तर यांनी त्यांना चांगलं पाहिलंय, त्यांच्याबरोबर मेंढ्या हाकल्यात. तुम्ही दाखल्यातून ज्यांना ओळखता, ते त्यांच्या आठवणीतले आजोबा आहेत. आणि खोऱ्यात घरं ती किती! १८८४ मध्ये ही गोष्ट गुपित असणं शक्यच नव्हतं. १८९१ ची ती ओळ परत वाचा. अशा मुलाला आजी-आजोबांचाच धाकटा मुलगा म्हणून नोंदवायची सर्रास पद्धत होती. वयं थोडी ताणली की झालं. तुमच्या या घराने तसं केलं नाही. जनगणनेचा माणूस दारात आला तेव्हा मुलीचा बाप सरळ म्हणाला, नातू. पुढे शेतही त्यालाच मिळालं. मला तरी या कागदांत लाज दिसत नाही. वागणूक दिसते, आणि ती चांगली आहे. ‘लाजिरवाणं’ हा शब्द तुमच्या पत्रात आहे, तो त्या घराचा आहे की आपण लहानपणापासून ऐकत आलो त्या बोलण्याचा आहे, हे जरा स्वतःशी तपासून बघा.

तेव्हा वाढदिवसाच्या जेवणात फ्रेमवरचं कापड ओढणं हा बेत रद्द करा. तुमचे यजमान म्हणतात ते या बाबतीत बरोबर आहे, सगळ्यांसमोर असा धक्का कोणालाही देऊ नये. पण न बोलणं हा त्यावरचा उपाय नाही. आधी यजमानांना सगळं दाखवा, त्यांच्या पणजोबांची ही गोष्ट आहे. मग एखाद्या निवांत दुपारी सासऱ्यांकडे जा. दाखला पिशवीतच राहू द्या. टाइद नकाशाची प्रत तेवढी टेबलावर ठेवा आणि काफ गार्थ कुठे ते दाखवायला सांगा. शेतकरी माणूस स्वतःबद्दल बोलणार नाही, पण जमिनीबद्दल बोलेल. त्यांना विचारून फोनवर बोलणं रेकॉर्ड करा. जुने फोटो काढा आणि मागे पेन्सिलने नावं लिहून घ्या, कारण त्यांच्यानंतर ती सांगणारं कोणी नाही. घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर जन्मांच्या नोंदी असतील, जमाखर्चाच्या वह्या असतील. मग सहज विचारा, तुमच्या आजोबांना लहानपणी कोणी वाढवलं? आणि मग गप्प बसा. मधला शांत वेळ भरून काढायची घाई करू नका.

ते बोलले तर ऐका, दुरुस्त करू नका. ‘तुला काही सापडलंय का’ असं त्यांनी विचारलं तर सगळं सांगा, अर्धवट नको, आणि सुरुवात पणजीपासून करा. ‘जुनं उकरू नकोस’ असं म्हणाले, तर त्यांच्या हयातीत तो विषय तिथेच संपला. त्यात फसवणूक नाही. दाखल्याची प्रत, ती कुठून मिळवली याची चिठ्ठी आणि तुमची टिपणं एका पाकिटात घालून यजमानांच्या ताब्यात द्या. मुलं मोठी झाली की त्यांना हवं तर ती बघतील. इंटरनेटवरच्या वृक्षात मात्र हे सासऱ्यांच्या परवानगीशिवाय घालू नका, आणि हयात माणसांची नावं-तारखा तर अजिबात नाहीत. खोटं छापू नये हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. म्हणून १५६० चा तक्ता लागणार नाही. पण जे खरं आहे ते सगळं भिंतीवर लावलंच पाहिजे असंही नाही.

ऐंशी ओलांडलेलं माणूस ज्यांच्या घरात आहे, मग ते यॉर्कशायरमध्ये असो की वाईला, त्या सगळ्यांना माझं हेच सांगणं आहे, की आधी त्या माणसाजवळ बसा. दफ्तरखाना पुढच्या वर्षीही उघडाच असेल.

हक्काचं विचारलंत. तुमची मुलं त्या पणजीचं आडनाव लावतात. एवढं पुरे आहे. माझ्या पाहण्यात तर घराण्याचे कागद सांभाळणारी माणसं बहुतेक वेळा लग्न होऊन घरात आलेलीच असतात, कारण जन्मलेल्यांना ते रोजचंच वाटत असतं.

राहिली भेट. सासऱ्यांची हरकत नसेल तर दोन गोष्टी शेजारी शेजारी फ्रेम करा: टाइद नकाशातला शेताचा तुकडा, खाली यादीतल्या ओळींसह, आणि १९११ च्या जनगणनेचं पान. घरातल्या कर्त्याने स्वतः भरलेले कागद टिकून राहिलेली ही पहिलीच जनगणना. लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, त्यांतली हयात किती, हे सगळं आजोबांच्या अक्षरात आणि खाली त्यांची सही. सासरे ते अक्षर ओळखतील. १९२१ ची जनगणना २०२२ पासून खुली आहे, तीही काढा. त्यानंतर मात्र पोकळी आहे: १९३१ चे कागद १९४२ च्या आगीत गेले आणि १९४१ ला युद्धामुळे जनगणना झाली नाही. १९३९ च्या सप्टेंबरमधली राष्ट्रीय नोंदवही थोडी भर घालते.

शेतकऱ्यांच्या घरांसाठी याच काळातला एक ऐवज फार मोठा आहे, तो चुकवू नका. १९४१ ते १९४३ मध्ये सरकारने इंग्लंड-वेल्समधल्या शेतांची पाहणी केली: मालक कोण, खंड किती, घोडे किती, ट्रॅक्टर आहे का, पाणी कुठून येतं, वीज आहे का, उंदीर-सशांचा उपद्रव किती. शेतकऱ्याला ए, बी किंवा सी अशी श्रेणीही दिली, आणि कमी श्रेणी दिली तर कारण लिहिलं. सासऱ्यांचा जन्म झाला तेव्हाचं त्यांचं घर आणि गोठा तुम्हाला त्या कागदांत दिसेल. ते लंडनला क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत, पॅरिशवार लावलेले. सासऱ्यांना प्रवास झेपत असेल तर त्यांनाच बरोबर न्या. निघण्याआधी शेत तेव्हा कोणत्या पॅरिशमध्ये मोडत होतं ते जुन्या नकाशावर तपासून घ्या आणि कागद आधी मागवून ठेवा, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला तिथे ताटकळत बसावं लागणार नाही.